मामांना घेऊन जा

डोंबिवलीत भाड्याने घर घ्यायचं तर एजंट लागतो, डिपॉझिट लागतं आणि मामा लागतात. एजंट नाक्यानाक्यावर मिळतो. डिपॉझिट पतपेढीतून, सासऱ्यांकडून, नाहीतर बायकोच्या पाटल्या मोडून उभं राहतं. मामा मात्र नशिबात असावे लागतात. ते सख्खेच पाहिजेत असं नाही. आमचे मामा आईचे मावसभाऊ. बायकोच्या माहेरीही त्यांना मामाच म्हणतात, कारण तिच्या भावालाही त्यांनीच घर शोधून दिलं. 'शोधून दिलं' हे मामांचं म्हणणं. मेहुण्याच्या मते घर त्याने शोधलं, मामांनी ते फक्त लांबवलं.

आमच्या गोतावळ्यात कोणाचं घर बदलायचं निघालं की थोरली माणसं एकच वाक्य बोलतात, 'मामांना घेऊन जा.' नवं लग्न झालेलं जोडपं असो, नोकरीसाठी साताऱ्याहून आलेला भाचा असो, की 'ऑफिसला जवळ पडावं' म्हणून सासूपासून दोन स्टेशनं लांब निघालेली पुतणी असो. मामा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी नऊ वाजता फडके रोडच्या टोकाला, अर्ध्या बाह्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टात ते उभे असतात आणि आपण नऊ वाजून चार मिनिटांनी पोचलो तर घड्याळाकडे न बघता म्हणतात, "चला, अजून ऊन चढलं नाही."

खांद्याला एक कापडी पिशवी असते, कुठल्याशा सहकारी बँकेच्या रौप्यमहोत्सवात मिळालेली. तिच्यात मोजपट्टी, टेस्टर, होल्डरसकट झिरोचा बल्ब, पाठकोऱ्या कागदांची चळत आणि एक काचेची गोटी. गोटी हिरवट आहे. ती मामांच्या मुलाच्या लहानपणची. हा मुलगा आता बंगळुरूला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. फ्लॅट त्याने मामांना न दाखवता घेतला. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण मामा अजूनही मुलाच्या घराला 'तो राहतो ती जागा' असंच म्हणतात.

एजंट बिचारा बाइकवर बसून, बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत वाट बघत असतो. त्याला वाटतं पार्टी म्हणजे नवरा-बायको. मागून मामा येताना दिसले की अनुभवी एजंटचा जुडगा फिरायचा थांबतो.

"स्टेशनपासून पाच मिनिटं आहे, काका."

"कोणाची?" मामा विचारतात.

"म्हणजे?"

"रिक्षाची का पायी? रिक्षा शेअर का स्वतंत्र? आणि संध्याकाळी सात वाजता का आत्ता रविवारी?"

मग बाइकवर बसायला साफ नकार देऊन मामा चालायला लागतात. डोंबिवलीत ऑफिसला जाणारा माणूस जसा चालेल तसं चालायचं, धावायचं नाही, रेंगाळायचं नाही, असा त्यांचा दंडक. वाटेत ते भाजीवालीपाशी थांबतात, पावशेर मिरच्या घेतात आणि सहज विचारतात, "इथे पाणी किती वाजता येतं हो?" एजंट, घरमालक आणि सोसायटीचा सेक्रेटरी, या तिघांच्या सांगण्यावर मामांचा पाण्याबाबत काडीचा विश्वास नाही. भाजीवाली, वॉचमन आणि जिना पुसणारी बाई हे त्यांचे साक्षीदार. त्यांच्याही आधी ते मान वर करून इमारतीच्या बाल्कन्या बघतात. तिथे निळे पिंप ओळीने दिसले तर मामा जिनाही चढत नाहीत. एजंट म्हणतो, "काका, चोवीस तास पाणी आहे." मामा म्हणतात, "मग ही पिंपं काय तुळशीसाठी आहेत?"

एकदा कल्याण-शिळ रस्त्याच्या बाजूला एका एजंटने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "समोरून मेट्रो जाणार आहे, म्हणून भाडं दोन हजार जास्त." मामांनी खिडकीतून खाली बघितलं. म्हणाले, "मेट्रो येईल तेव्हा मेट्रोचं भाडं देऊ. आज समोर खड्डा आहे. खड्ड्याचं भाडं सांग."

घरात शिरले की मामा बोलत नाहीत. चपला काढून हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि वास घेतात. रंग ताजा असेल तर चेहरा पडतो. "नवा रंग," ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटतात, "म्हणजे जुनी ओल." मग डॉक्टर पाठ ठोकतात तशी भिंत ठोकत ते बाथरूमच्या मागच्या बाजूला जातात, तळहाताची मागची बाजू भिंतीला लावतात आणि डोळे मिटतात. सगळे नळ एकदम सोडतात. फ्लश ओढतात, टाकी भरेपर्यंत घड्याळ लावून थांबतात, पुन्हा ओढतात. मोरीत एक मग पाणी ओततात आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे उकिडवे बसून बघतात. झिरोचा बल्ब प्रत्येक प्लगमध्ये लावून होतो. शेवटी गोटी निघते.

गोटी हॉलच्या एका कोपऱ्यात ठेवायची आणि सोडून द्यायची, ढकलायची नाही. जमीन सपाट असेल तर ती जागची हलत नाही. असं मी अजून पाहिलेलं नाही. गोटी घरंगळते आणि मामा तिच्यामागे वाकून चालतात. त्यांच्यामागे एजंट, त्याच्यामागे आम्ही. नांदिवलीच्या एका घरात ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि जुन्या भाडेकरूंच्या फ्रीजखाली दिसेनाशी झाली. ते घर अजून रिकामं झालं नव्हतं. त्या माउली ओट्यापाशी पोहे परतत होत्या आणि त्यांचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करत होता. मामांनी त्याला केरसुणी घेऊन फ्रीजखाली घालायला लावलं. गोटीबरोबर दोन पेन्सिली, एक चमचा आणि हरवलेली रेशनकार्डाची झेरॉक्स निघाली. त्या बाईंनी आनंदाने सगळ्यांना पोहे दिले.

तेवढ्यात एजंटला फोन आला. तो गॅलरीत गेल्याबरोबर मामांनी आवाज खाली आणून त्यांचा हुकमी प्रश्न विचारला, "वहिनी, तुम्ही का सोडताय?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी झारा वर करून छताकडे दाखवला.

"वर कोण असतं?"

"कथ्थकचा क्लास. पहाटे सहाची बॅच."

मामांनी पोहे संपवले, बशी स्वतः धुऊन ठेवली आणि गॅलरीत जाऊन एजंटला म्हणाले, "घर उत्तम आहे. आम्हाला कलेत गती नाही."

अशी किती घरं गेली म्हणून सांगू! ठाकुर्लीचं गेलं कारण बेडरूमच्या खिडकीतून शेजारचा माणूस हात बाहेर काढून आमचं मीठ घेऊ शकला असता. मानपाड्याचं गेलं कारण वरचा मजला. वरच्या मजल्याबद्दल मामांचं मत असं, की उन्हाळ्यात तिथे पापड वाळतात आणि पावसाळ्यात तेच पापड तरंगतात. एजंट 'दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे' म्हणाला की नवखी माणसं घाबरून पाकीट काढतात. मामा म्हणतात, "मग आधी तिला दाखव. आम्ही चहा पिऊन येतो." आणि खरोखरच चहा प्यायला जातात. एकदा दुसरी पार्टी खरीच होती. आम्ही येईपर्यंत तिने घर घेतलंही. माझी बायको त्या रात्री एक शब्द बोलली नाही. ते घर पूर्वेला तोंड असलेलं, स्टेशनला लागून होतं आणि ओट्याखाली ट्रॉल्या होत्या. पावसाळ्यात त्या गल्लीत गुडघाभर पाणी तुंबल्याचा फोटो मामांनी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. त्याला तिने अंगठा टाकला. दोघांत समेट झाला तो असा.

घर पसंत पडल्यावर बाकीचे सुटकेचा श्वास टाकतात. मामांचा खरा उत्साह मात्र तिथून सुरू होतो. आता करार. 'लीव्ह अँड लायसन्स'चा कागद एजंट फोनवर पाठवतो आणि लोक अंगठ्याने सर्रकन वर सरकवून 'ओके' म्हणतात. मामा तो छापून घेतात आणि मोठ्याने वाचतात. अकरा महिन्यांचाच का, असं कोणी विचारलं की त्यांना भरतं येतं. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने ही पळवाट बुजवली. इथे मुदत कितीही असो, करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला आणि पुढे भांडण झालं, तर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे शेवटचं वाक्य मामा घरमालकाच्या डोळ्यांत बघत म्हणतात. आवाज मात्र अगदी मायेचा.

आमच्या एजंटने कराराच्या खर्चाचे साडेचार हजार सांगितले होते. मामांनी पाठकोरा कागद काढला. भाडं 15,000, अकरा महिन्यांचे 1,65,000. डिपॉझिट 50,000, त्यावर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. "वरचे किरकोळ धरून दोन हजारांच्या आत बसतंय. उरलेले अडीच हजार कसले?"

"काका, माणूस घरी मशीन घेऊन येतो ना."

"मशीन खांद्यावरून आणतो का पालखीतून?"

सौदा तीन हजारांवर पटला. मशीनवाला पोरगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन रात्री साडेनऊला आला. आमचे अंगठे लागले, मालकांचा लागला. साक्षीदार म्हणून मामा बसले आणि त्यांचा अंगठा लागेना. चाळीस वर्षं खातेवह्या उलटून त्यावरच्या रेघा झिजल्या आहेत असं त्यांचं म्हणणं. पोराने अंगठा पुसायला सांगितला, मग कपाळावर घासायला सांगितला, मग केसांवर. मामांच्या डोक्यावर केस नाहीत. शेवटी त्यांनी तो माझ्या डोक्यावर घासला आणि यंत्रात हिरवा दिवा लागला.

किल्ल्या घेण्याआधी मामा एक यादी करतात. अशी यादी मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. 'भिंतीतील खिळे: हॉल 7, बेडरूम 4, स्वयंपाकघर 2 (पैकी 1 वाकलेला).' तिच्यावर मालकांची सही घेतात. मालक हसत हसत सही करतात, कारण त्यांना वाटतं म्हातारा विक्षिप्त आहे. आमच्या पुतणीच्या मालकांनी घर सोडताना भिंती खराब केल्या म्हणून डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला घेतले, तेव्हा मामांनी पिशवीतून तो कागद काढला आणि प्रत्येक खिळा मालकांना हाताला धरून दाखवला. वाकलेलाही होता. डिपॉझिट पूर्ण परत आलं. मालकांनी मामांना विचारलं, "तुम्ही वकील का?" मामा म्हणाले, "नाही, भाडेकरू."

सोसायटीचे पदाधिकारी हा आणखी एक प्रांत. एका सेक्रेटरींनी भाडेकरू ठेवल्याबद्दल महिना काहीतरी भरमसाट रक्कम सांगितली. मामांनी त्यांना 2001 चा सरकारी आदेश ऐकवला, की बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेक्रेटरींनी विषय बदलला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" आमच्या आधी मामाच बोलले, "सुरमई कितीला झालीय बघितलंत का? भाडं देऊन उरलं तर खातील."

आणि एवढं करून घर मिळालं तरी तपासणी संपते असं नाही. मामांना जेवायला बोलावलं की ते हात धुवायला म्हणून मोरीत जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. आतून मगाने पाणी ओतल्याचा आवाज येतो. आम्ही ताटं वाढून बसून राहतो. बाहेर आले की रुमालाला हात पुसत म्हणतात, "जाळीपाशी थोडं साचतंय. मालकांना सांग. जून यायच्या आत."

गंमत म्हणजे गेल्या पिढीभरात मामांनी स्वतःसाठी एकही घर बघितलेलं नव्हतं. ते राहत होते ती पूर्वेची दुमजली, लाकडी जिन्याची इमारत. लग्न झाल्यावर गिरगावातल्या चाळीतून इथे आले. दोन खोल्या आणि पुढे सामाईक गॅलरी. भाडं इतकं कमी, की ते सांगताना मामाच ओशाळत. मालकांच्या वडिलांच्या काळात खटला झाला होता. वडील भाडं घेईनात, मामा मनीऑर्डर करत, ती परत येई, पुढच्या महिन्यात मामा पुन्हा करत. परत आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्यांची फाईल त्यांच्याकडे तारीखवार आहे. पुढे वडील गेले, खटला मिटला, आणि 31 मार्च 2000 ला नवा भाडे कायदा लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ करायचा हक्क दिलाय. धाकट्या मालकांच्या तो लक्षातही नव्हता. मामाच त्यांच्याकडे गेले आणि 60 रुपयांवर 2 रुपये 40 पैसे वाढ देऊ लागले.

"अहो, राहू द्या हो," मालक म्हणाले.

"राहू कसं देणार? कायदा आहे. पावती द्या. रक्कम अक्षरी लिहा."

तेव्हापासून दर एप्रिलला मामा नवा हिशेब करून मालकांच्या हातात देत, मालक चहा करायला सांगत आणि दोघं मिळून पूर्वीच्या खटल्यातल्या वकिलांची नक्कल करत.

मग इमारत महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत आली. मालकांनी बिल्डर आणला. करार झाला. नवी इमारत उभी राहीपर्यंत सगळ्या भाडेकरूंनी दुसरीकडे राहायचं, भाडं बिल्डर देणार. आम्हाला वाटलं, मामा खचतील. मामांनी शर्टाला इस्त्री केली. दुसऱ्याच्या पैशाने, स्वतःसाठी, वेळेची घाई नसताना घर बघायचं, हे सुख त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. त्यांनी कोपरपासून टिटवाळ्यापर्यंत घरं बघितली. बदलापूरला एकाच दिवसात चार बघून आले आणि येताना तिथल्या पाण्याच्या वेळांचा तक्ताच घेऊन आले. एकही पसंत पडलं नाही. बिल्डर रोज फोन करू लागला. मामा त्याला शांतपणे सांगत, "बघतोय."

मामी एवढी वर्षं या सगळ्यात कुठेच नव्हत्या. एका मंगळवारी त्या मेथी आणायला गेल्या आणि टोकन देऊन आल्या. घर दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर. मामांनी काय काय बघितलं म्हणून विचारलं. मामी मेथी निवडत म्हणाल्या, "ओटा उंच नाही. खाली दूधवाला तोच आहे. समोरच्या बाईंना भिशी लावायचीय."

"उतार? ओल? प्लग?"

"ते तुम्ही बघा. आपण तिथेच तर राहणार आहोत, रोज बघा."

मामांनी सामान लागायच्या आधी गोटी सोडली. ती हॉलभर भटकून मुख्य दारातून बाहेर पडली आणि जिन्यावरून टप्पे खात खाली गेली. मामा तोंड उघडणार एवढ्यात मामी म्हणाल्या, "बरं झालं. लादी पुसताना पाणी आपसूक जाईल."

ते घर ज्या एजंटने मामींना दाखवलं, तो आमचाच जुना, साडेचार हजारवाला. मामांना घरं दाखवून दाखवून तोही त्यांना काकाऐवजी मामाच म्हणायला लागलाय. परवा आम्ही मामांकडे बसलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. त्याच्या मुलाला हिंजवडीला नोकरी लागली. वाकडला घर बघायचंय, आणि तिथला एजंट काही केल्या ऐकत नाही.

"मामा, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज मागतोय हो! शिवाय म्हणतो, दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे. रविवारी मोकळे आहात का?"

मामांनी फोन कानाला तसाच धरून खुंटीवरची पिशवी काढली आणि आतलं सामान चाचपून बघितलं.

"पाणी टँकरचं का महापालिकेचं, ते विचारलंस?" ते म्हणाले. "त्याला नको विचारू. भाजीवालीला विचार."